पेशीतला कॉक: रिकॉम्बिनेजचा जनुकीय स्विच पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

दिंडोरी किंवा निफाडकडच्या कुठल्याही द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याच्या पेटीत मोटरचा स्टार्टर असतो. हिरवं बटण एकदा दाबलं की आतला काँटॅक्टर चिकटतो आणि बोट काढलं तरी मोटर चालूच राहते. मघाशी कुणीतरी हिरवं दाबलं होतं, एवढं त्या पेटीच्या लक्षात राहतं. पण लाइट गेली की काँटॅक्टर सुटतो आणि पेटी सगळं विसरते. त्याच बागेत पाइपलाइनला कॉक असतो. तो खालच्या प्लॉटकडे फिरवून ठेवला की लाइट असो, नसो, तसाच राहतो. चार दिवसांनी येऊन नुसता दांडा पाहिला तरी पाणी कुठे वळवलं होतं ते कळतं.

जिवंत पेशीला काही लक्षात ठेवायला लावायचं तर असेच दोन मार्ग आहेत. २००० साली बोस्टन विद्यापीठातल्या गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी ई. कोलाय या जिवाणूमध्ये पहिला मार्ग करून दाखवला. दोन प्रथिनं एकमेकांच्या जनुकांना दाबून धरतात. जे वरचढ ठरतं ते वरचढच राहतं. हा झाला स्टार्टर. पेशी ते प्रथिन सतत बनवत राहिली तरच आठवण टिकते. दुसऱ्या मार्गात डीएनएचा एक तुकडाच कापून, उलटा फिरवून, पुन्हा जागेवर जोडतात. हा कॉक. तो फिरवणारा हात म्हणजे रिकॉम्बिनेज नावाचं एन्झाइम, आणि आपल्या कामाची बहुतेक रिकॉम्बिनेज फेजकडून आलेली आहेत, म्हणजे जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंकडून.

नाशिकच्या कॉलेजांतल्या मायक्रोबायोलॉजी-बायोटेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी मदत करताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, म्हणून इथे आधीच सांगते. हा स्विच चालू करणं सोपं आहे. तुम्ही सांगेपर्यंत तो बंद ठेवणं अवघड आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका अडचणीभोवती रचलेल्या आहेत.

हे एन्झाइम मुळात काय करतं

१८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात असं नोंदवलं. ते काम फेजचं असावं असं आज अनेकजण मानतात. फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ मध्ये या विषाणूंना बॅक्टेरियोफेज हे नाव दिलं. नदीच्या, विहिरीच्या, सांडपाण्याच्या पाण्यात फेज असतातच. आपल्या गोदावरीतही आहेत.

काही फेज जिवाणूला लगेच मारत नाहीत. ते स्वतःचा डीएनए जिवाणूच्या डीएनएत घुसवून शांत बसतात. घुसण्याची जागा ठरलेली असते. फेजच्या डीएनएवरच्या खुणेला अ‍ॅटपी म्हणतात, जिवाणूच्या डीएनएवरच्या खुणेला अ‍ॅटबी. इंटिग्रेज नावाचं रिकॉम्बिनेज या दोन खुणांवर बसतं, दोन्ही कापतं, टोकं अदलाबदल करून जोडतं. जोडल्यावर तयार होतात अ‍ॅटएल आणि अ‍ॅटआर, म्हणजे अर्धी एक खूण आणि अर्धी दुसरी. अ‍ॅटएल आणि अ‍ॅटआर समोर आल्या तरी इंटिग्रेज एकट्याने त्यांना पुन्हा कापत नाही. परत फिरायला फेज वेगळं मदतनीस प्रथिन बनवतो, त्याला आरडीएफ म्हणतात.

यात दोन घराणी आहेत. सेरीन घराण्यातली बीएक्सबी१, फायसी३१, टीपी९०१-१ ही इंटिग्रेज वर सांगितल्याप्रमाणे एकाच दिशेने चालतात. ती चारही धागे एकदम कापतात, एक बाजू १८० अंशांत फिरवतात आणि पुन्हा जोडतात. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागत नाही. टायरोसीन घराण्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव क्रे, तेही पी१ नावाच्या फेजचं. क्रेची खूण लॉक्सपी डीएनएच्या ३४ अक्षरांची असते आणि दोन्हीकडे तीच. तुकडा कापून टाकायचा असेल तर क्रे उत्तम. उंदरांवरच्या संशोधनात ते वर्षानुवर्षं वापरलं जातंय. पण तुकडा उलटवायचा असेल तर क्रे तो उलटवत आणि सुलटवतच राहतं, आणि शेवटी पेशींची सरमिसळ मिळते.

पहिल्या वेळी बीएक्सबी१ घ्या. माझं मत याबाबतीत पक्कं आहे. हा मायकोबॅक्टेरियमवरच्या फेजचा इंटिग्रेज, लांबी ५०० अमिनो आम्लं, म्हणजे जनुक साधारण दीड हजार अक्षरांचं. खुणा छोट्या, अ‍ॅटबी सुमारे ४० आणि अ‍ॅटपी सुमारे ५० अक्षरांची. जिवाणूचं दुसरं कुठलंही प्रथिन मदतीला लागत नाही, म्हणून तो ई. कोलायमध्ये चालतो तसाच यीस्टमध्ये, वनस्पतीत आणि माणसाच्या पेशींतही चालतो.

पहिली पायरी: परवानगी

हे काम घरी, गॅरेजमध्ये किंवा क्लासच्या खोलीत करायचं नाही. भारतात जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंसाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत. संस्थेत जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, असावी लागते आणि प्रयोग तिच्यासमोर ठेवावा लागतो. समितीच्या वर आरसीजीएम ही जनुकीय बदलांचा आढावा घेणारी केंद्रीय समिती असते. ई. कोलाय के-१२ चे प्रयोगशाळेतले वाण सगळ्यात कमी धोक्याच्या गटात येतात, त्यामुळे अर्ज अवघड नसतो; पण अर्ज करावा लागतो.

तुमच्या कॉलेजात समिती नसेल तर विभागप्रमुखांना विचारा की ती नोंदवता येईल का. नाहीतर सरांच्या किंवा मॅडमच्या पत्रासह पुण्याच्या एखाद्या संशोधन संस्थेत उन्हाळी प्रोजेक्टसाठी अर्ज करा. अ‍ॅडजीनसारख्या प्लाझ्मिड पुरवणाऱ्या संस्थेकडून प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूत घालायचं डीएनएचं छोटं कडं, मागवायचं असेल तर तेही संस्थेच्या नावाने, करारावर संस्थेची सही घेऊनच येतं. विद्यार्थ्याच्या घरच्या पत्त्यावर येत नाही. कागदपत्रांना महिना-दीड महिना धरून चला आणि तेवढ्या वेळात पुढची पायरी करा, कारण तिला फक्त कागद आणि कात्री लागते.

दुसरी पायरी: कागदाची पट्टी

ही पायरी पोरकट समजून कुणी टाळू नये. मी स्वतः आजही नवीन डिझाइन असं तपासते.

हातभर लांबीची कागदाची पट्टी घ्या. मधोमध एक बाण काढा, टोक डावीकडे. हा प्रमोटर, म्हणजे 'इथून वाचायला सुरुवात करा' अशी खूण. पट्टीच्या डाव्या टोकाला 'लाल' लिहा, उजव्या टोकाला 'हिरवा'. ही दोन चमकणाऱ्या प्रथिनांची जनुकं. आत्ता प्रमोटर लालकडे तोंड करून आहे, म्हणून पेशी लाल दिसेल.

आता प्रमोटरच्या डावीकडे एक त्रिकोण काढा, टोक उजवीकडे, त्यावर मधोमध एक उभी रेघ मारा. रेघेच्या डाव्या अर्ध्यात 'ब१' लिहा, उजव्या अर्ध्यात 'ब२'. ही अ‍ॅटबी. प्रमोटरच्या उजवीकडे दुसरा त्रिकोण, पण टोक डावीकडे. त्याच्या आतल्या अर्ध्यात 'प२', बाहेरच्या अर्ध्यात 'प१'. ही अ‍ॅटपी. दोन त्रिकोण एकमेकांकडे बघताहेत.

दोन्ही उभ्या रेघांवर कापा. मधला तुकडा हातात येईल, त्याच्या एका टोकाला 'ब२', दुसऱ्या टोकाला 'प२'. तो टेबलावरच अर्धा फेरा फिरवा आणि चिकटपट्टीने परत जोडा. प्रमोटरचा बाण आता हिरव्याकडे झाला. अक्षरं उलटी दिसताहेत, तेही बरोबरच आहे. डीएनएचा तुकडा उलटतो तेव्हा त्याचा वरचा धागा खालचा होतो. आता सांधे वाचा. डावीकडे 'ब१-प२', उजवीकडे 'ब२-प१'. पट्टीवर कुठेही 'ब१-ब२' किंवा 'प१-प२' राहिलेलं नाही. इंटिग्रेजला ओळखीची खूणच उरली नाही, म्हणून ते परत कापणार नाही. हा स्विच एकदिशी का असतो याचं सगळं उत्तर या दोन सांध्यांत आहे. हाच खेळ दोन्हीकडे सारखी खूण काढून करा, म्हणजे क्रेचा तुकडा का गरगरत राहतो तेही दिसेल.

तिसऱ्या पट्टीवर दोन्ही त्रिकोणांची टोकं एकाच दिशेला काढा. आता मधला भाग उलटत नाही, त्याचं कडं होऊन तो गळून पडतो. उलटवणं की काढून टाकणं, हे फक्त खुणांच्या दिशेवर ठरतं. प्रत्यक्ष डीएनएत ही दिशा खुणेच्या अगदी मधल्या दोन अक्षरांनी ठरते; बीएक्सबी१ मध्ये ती जी आणि टी आहेत. संगणकावर खूण चिकटवताना चुकून उलटी पडली तर प्रयोगात जनुक उलटायच्या ऐवजी नाहीसं होईल, आणि ते तुम्हाला दोन महिन्यांनी कळेल.

पट्ट्या काढल्याच आहेत तर तर्कद्वारं, म्हणजे लॉजिक गेट, तीही करून पाहा. प्रमोटर आणि हिरव्या जनुकाच्या मध्ये टर्मिनेटर टाका, म्हणजे 'इथे थांबा' ही पाटी. दोन टर्मिनेटर टाकले आणि प्रत्येकाला वेगळ्या इंटिग्रेजच्या खुणा दिल्या तर दोन्ही इंटिग्रेज आल्याशिवाय हिरवं दिसणार नाही. हे 'आणि' द्वार. मला सगळ्यात आवडतं ते एक्सॉर: एकाच दिशेने काम करणारा एकच टर्मिनेटर घ्यायचा, त्याच्याभोवती एका इंटिग्रेजच्या खुणा, त्यांच्याबाहेर दुसऱ्याच्या. कुठलंही एक आलं की पाटी उलटते आणि वाट मोकळी होते. दोन्ही आली की पाटी दोनदा उलटून पुन्हा आडवी येते. ही रचना स्टॅनफर्डमध्ये बॉने, एंडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रत्यक्ष चालवून दाखवली. त्याच वर्षी एमआयटीत सिउटी, याझबेक आणि लू यांनी दोन निविष्टींची (इनपुटची) सोळाही द्वारं याच पद्धतीने बांधली. तुमच्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये मात्र एकच इंटिग्रेज, एकच तुकडा.

तिसरी पायरी: दोन प्लाझ्मिड

इंटिग्रेजचं जनुक एका प्लाझ्मिडवर आणि उलटायचा तुकडा दुसऱ्यावर, असं वेगळं ठेवा. दोघांची ओरिजिन, म्हणजे प्लाझ्मिडची प्रत जिथून बनायला लागते ती जागा, वेगळी हवी, नाहीतर ती एकमेकांना पेशीतून हुसकावतात. ज्या अँटिबायोटिकमध्ये फक्त ते प्लाझ्मिड असलेल्या पेशी जगतात, तेही वेगळं. इंटिग्रेजसाठी पी१५ए ओरिजिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल, तुकड्यासाठी पीएससी१०१ ओरिजिन आणि कॅनामायसिन, ही जोडी चांगली चालते.

तुकड्याचं प्लाझ्मिड पीएससी१०१ वरच का? कारण पेशीत त्याच्या जेमतेम पाचेक प्रती असतात. लॅबमध्ये सहज मिळणाऱ्या प्लाझ्मिडांच्या पन्नास, शंभर किंवा त्याहून जास्त प्रती असतात. शंभर कॉक असलेल्या पाइपलाइनीत चाळीस इकडे, साठ तिकडे झाले तर पाणी कुठे वळलंय ते काय सांगणार? पेशी धड लाल नाही, धड हिरवी नाही. तुकडा गुणसूत्रावरच एकदा बसवला तर सगळ्यात स्वच्छ उत्तर मिळतं, पण ते दुसऱ्या वर्षाचं काम.

इंटिग्रेजच्या जनुकापुढे अ‍ॅरॅबिनोजने चालू होणारा पीबॅड प्रमोटर लावा. साखर स्वस्त आहे आणि ग्लुकोजने तो आणखी घट्ट बंद करता येतो. बाटली घेताना लेबल वाचा: एल-अ‍ॅरॅबिनोज हवी. डी-अ‍ॅरॅबिनोजने काहीच होणार नाही आणि दोन्ही बाटल्या कपाटात शेजारी असतात. वाण टॉप१० किंवा डीएच१०बी घ्या. त्यांना अ‍ॅरॅबिनोज खाता येत नाही, म्हणून दिलेली साखर तशीच राहते. शिवाय त्यांचं रेकए जनुक बिघडवलेलं असल्यामुळे सारख्या दिसणाऱ्या डीएनएची आपसांत फेरजुळणी होत नाही.

डीएनए बनवून मागवताना पैसे थोडे जास्त लागले तरी एक गोष्ट नक्की मागवा: आधीच उलटलेला तुकडा, अ‍ॅटएल आणि अ‍ॅटआरसह. शंभर टक्के फिरलेला स्विच किती हिरवा दिसतो हे त्यावरून ठरतं. तो नसेल तर तुमच्या पेशी कमी हिरव्या दिसल्यावर कारण स्विचमध्ये आहे की हिरव्या जनुकात, याचा पत्ता लागत नाही. दुसरी तुलना म्हणजे निकामी इंटिग्रेज: बीएक्सबी१ मधलं दहाव्या जागेवरचं सेरीन बदललं की ते खुणांवर बसतं, पण कापत नाही.

नकाशे बेंचलिंगवर काढा, शैक्षणिक वापराला ते फुकट आहे. आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही पूर्ण नकाशे काढायचे. कागदाची पट्टी समोर ठेवून ताडून बघा.

एक खास आपल्याकडची गोष्ट. एन्झाइम आणि काँपिटंट सेल्स, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या पेशी, थंडीतच यायला हव्यात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. पार्सल शुक्रवारी निघालं तर शनिवार-रविवारी कुठल्यातरी गोदामात किंवा गेटवरच्या केबिनमध्ये पडून राहतं. एकदा आमचं लायगेज, म्हणजे डीएनए जोडणारं एन्झाइम, असंच सुट्टीत वॉचमनच्या टेबलाखाली तीन दिवस होतं. त्यानंतर तीन आठवडे आमची एकही जुळणी झाली नाही आणि आम्ही दोष प्राइमरला देत बसलो. आता मी पार्सल सोमवारीच पाठवायला सांगते आणि डबा उघडल्यावर जेलपॅक घट्ट आहे का ते दाबून बघते. तुमच्याकडे उणे ८० चा फ्रीजर नसेल तर विकतच्या काँपिटंट सेल्सच्या भानगडीत पडू नका. कॅल्शियम क्लोराइडने आदल्या दिवशी स्वतः तयार करा, रात्रभर ४ अंशांवर बर्फात ठेवा, दुसऱ्या दिवशी वापरा. तेवढ्या कामाला त्या पुरतात.

चौथी पायरी: गळती

माझी स्वतःची पहिली प्लेट मला आजही डोळ्यांसमोर दिसते. दोन्ही प्लाझ्मिड घातली, प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवली, सकाळी निळ्या दिव्याखाली नारिंगी काच धरून पाहिलं. प्रत्येक कॉलनी हिरवीगार. आनंदाने मी शेजारच्या लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून आणलं. त्यांच्यातल्या एका सिनियर मॅडमनी शांतपणे विचारलं, "अगं, पण अ‍ॅरॅबिनोज कधी घातलंस?" घातलंच नव्हतं. कुणी न सांगताच सगळे कॉक फिरले होते.

हे का होतं ते हिशेबाने बघा. कुठलाही प्रमोटर पूर्ण बंद नसतो, अधूनमधून एखादं प्रथिन निसटतंच. साध्या हिरव्या जनुकाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही, थोडा उजेड पडतो आणि पेशी वाढताना विरून जातो. इंटिग्रेजचे मात्र चार रेणू जमले की एक तुकडा कायमचा उलटतो. समजा एका पिढीत शंभरातल्या एकाच पेशीचा स्विच असा चुकून फिरला. एका पेशीपासून डोळ्यांना दिसणारी कॉलनी व्हायला साधारण २५ पिढ्या लागतात. तेवढ्यात सुमारे २२ टक्के पेशी फिरलेल्या असतील. १०० पिढ्यांनी ६३ टक्के. गळती हजारात एक असेल तर २५ पिढ्यांनी अडीच टक्के. ठिबकच्या नळीला टाचणीएवढं भोक असलं तरी रात्रभरात सरीत पाणी साचतं, तसं हे साचत जातं. आणि एकदा साचलं की परत जात नाही.

म्हणून अ‍ॅरॅबिनोजच्या बाटलीला हात लावण्याआधी गळती मोजायची. गळती कमी करण्याचे उपाय मी ज्या क्रमाने करून बघते तो असा. सगळ्यात आधी, अ‍ॅरॅबिनोज घालण्याच्या दिवसापर्यंत प्रत्येक प्लेटमध्ये आणि प्रत्येक कल्चरमध्ये ०.४ टक्के ग्लुकोज. त्याने भागलं नाही तर इंटिग्रेजच्या जनुकापुढचं आरबीएस कमकुवत करायचं, म्हणजे प्रथिन बनवणारा रायबोसोम तिथे कमी वेळा बसेल. मग जनुकाच्या सुरुवातीची एटीजी ही तीन अक्षरं बदलून जीटीजी. आणि शेवटी एसएसआरए शेपूट, जिच्यामुळे पेशी ते प्रथिन लवकर मोडून टाकते. बहुतेक वेळा पहिले दोन पुरतात. नवखे विद्यार्थी इंटिग्रेज जितकं जास्त तितकं चांगलं असं धरून सगळ्यात तगडं आरबीएस निवडतात. या स्विचला नेमकं उलट हवं असतं.

दोन्ही प्लाझ्मिड असलेली पेशी फ्रीजरमध्ये साठवून महिनोन्महिने वापरू नका. तीही साठवेपर्यंत गळलेली असते. तुकड्याचं प्लाझ्मिड असलेली पेशी साठवा, तिच्यापासून काँपिटंट सेल्स करा आणि इंटिग्रेजचं प्लाझ्मिड दर प्रयोगाला नव्याने घाला. दोन प्लाझ्मिड एकदम घालण्यापेक्षा कॉलन्याही जास्त मिळतात.

प्लेट बघताना कॉलनी नुसती मोजू नका, जवळून बघा. गळती कॉलनी वाढत असताना झाली असेल तर लाल कॉलनीत हिरवी फोड दिसते, लिंबाच्या चकतीतल्या फोडीसारखी. फोडीचं टोक केंद्राजवळ असेल तर स्विच लवकर फिरला, कडेला असेल तर उशिरा. ज्या क्षणी एका पेशीत तुकडा उलटला तो क्षण तिथे उमटलेला असतो. अशा फोडी दहात एका कॉलनीला असतील तर अजून काम बाकी आहे.

पाचवी पायरी: फिरवण्याचा दिवस

संध्याकाळी एक स्वच्छ लाल कॉलनी उचलून ५ मिलिलिटर एलबी या पोषक द्रावणामध्ये, दोन्ही अँटिबायोटिक आणि ग्लुकोजसह, रात्रभर हलवत ठेवा. सकाळी पेशी खाली बसवून एकदा ग्लुकोज नसलेल्या एलबीने धुवा. हे धुणं विसरलात तर ग्लुकोज पीबॅडला दाबूनच ठेवील. मग शंभरपट पातळ करा आणि ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, ०.३ च्या आसपास आल्यावर कल्चरचे दोन भाग करा. एकात २० टक्क्यांच्या, गाळून निर्जंतुक केलेल्या अ‍ॅरॅबिनोजचा शंभरावा हिस्सा घाला, म्हणजे ०.२ टक्के होईल. दुसऱ्यात ग्लुकोज. अर्धवट फिरवायचं म्हणून अ‍ॅरॅबिनोज कमी घालून बघू नका; पीबॅड कमी साखरेत प्रत्येक पेशीत थोडा चालू होत नाही, काही पेशींत पूर्ण आणि काहींत शून्य असा होतो.

चार ते सहा तास ३७ अंशांवर. मध्ये लाइट गेली तर वेळ लिहून ठेवा. शेकर थांबला की हवा कमी पडते आणि वाढ मंदावते, नंतर आकडे जुळले नाहीत तर तीच नोंद कामी येते. शेवटी दोन्ही कल्चर दहा लाखपट पातळ करून १०० मायक्रोलिटर ग्लुकोजच्या प्लेटवर पसरा. त्या प्लेटवर अ‍ॅरॅबिनोज नाही, तरी हिरव्या कॉलन्या येतील. प्रत्येक कॉलनी म्हणजे आदल्या दुपारच्या एका पेशीची आठवण. किती लाल, किती हिरव्या, एवढं मोजलं की स्विचचा आकडा मिळाला; एकेक पेशी मोजणारा फ्लो सायटोमीटर नसलेल्या कॉलेजला हीच पद्धत परवडते आणि ती विश्वासार्ह आहे.

उजेडावर थांबू नका, डीएनए वाचा. त्यासाठी पीसीआर करायची, म्हणजे दोन प्राइमरांच्या (डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) मधल्या डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या. तीन प्राइमर लागतात: एक तुकड्याच्या बाहेर डावीकडे, एक बाहेर उजवीकडे, एक तुकड्याच्या आत. सुलट्या स्थितीत आतला प्राइमर उजव्याशी जोडी करतो, उलटल्यावर डाव्याशी. बाहेरचे प्राइमर वेगवेगळ्या अंतरावर ठेवा, म्हणजे जेलवर एका स्थितीत ३०० अक्षरांचा बँड (पट्टा) आणि दुसऱ्या स्थितीत ५०० चा मिळेल. बाहेरच्या दोघांचा मोठा बँड दोन्ही स्थितींत येऊ शकतो, त्याने गोंधळू नका. एकाच कॉलनीत ३०० आणि ५०० दोन्ही दिसले तर पेशीतल्या प्रती अजून मिश्र आहेत. ती कॉलनी पुन्हा रेघाटून घ्या.

काम झालेलं सगळं, प्लेट, टिप्स, फ्लास्क, १२१ अंशांवर १५ पौंड दाबाने किमान २० मिनिटं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जायचं नाही. बेसिनमध्ये ओतायचं तर मुळीच नाही. नाशिकमधली मोरी शेवटी कुठल्या पाण्याला मिळते हे सांगायची गरज नाही.

परत फिरवायचं का?

आरडीएफ घातलं की बीएक्सबी१ उलट दिशेने चालतं; त्यासाठी त्याच फेजचं जीपी४७ हे प्रथिन वापरतात. बॉने, सुबसून्तोर्न आणि एंडी यांनी २०१२ मध्ये याच जोडीवर पुन्हा पुन्हा लिहिता-पुसता येणारी आठवण बांधली. इंटिग्रेज एकटं आलं तर लिहायचं, आरडीएफसोबत आलं तर पुसायचं. ऐकायला सरळ आहे, पण आरडीएफ थोडं कमी पडलं की लिहिणं आणि पुसणं एकाच वेळी सुरू होतं. अनुभवी लोकांनाही दोघांचं प्रमाण जुळवायला बराच वेळ लागला. पहिल्या वर्षी याच्या नादी लागू नका. जास्त आठवण हवी असेल तर एकमेकांच्या खुणांना हात न लावणारी वेगळी इंटिग्रेज घेणं सोपं. २०१४ मध्ये अशी ११ इंटिग्रेज एकत्र वापरून २,०४८ वेगवेगळ्या स्थिती नोंदवता येतील अशी रचना करून दाखवली गेली.

उपयोग काय, हे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. २०१५ मध्ये मॉन्पेलिएच्या कुर्बे, बॉने आणि सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर ओळखणारे जिवाणू इंटिग्रेजच्या स्विचवर बांधले. साखर दिसली की स्विच फिरतो आणि क्षीण इशाऱ्याचं ठळक उत्तर होतं. एवढं एक उदाहरण नीट समजून सांगितलं तरी पुरतं.

शेवटची पायरी: दहा दिवस

स्विच फिरला हे दाखवणं निम्मं काम. तो लक्षात राहतो हे दाखवायचं बाकी आहे.

एक हिरवी आणि एक लाल कॉलनी घ्या. दोन्ही ग्लुकोजच्या एलबीमध्ये वाढवा, अ‍ॅरॅबिनोजचा थेंब नाही. रोज ठरलेल्या वेळी कल्चर हजारपट पातळ करून नव्या एलबीमध्ये घाला. हजारपट भरून यायला दहा पिढ्या लागतात, म्हणजे दहा दिवसांत शंभर. पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी प्लेट करा. हिरव्या रांगेत लाल कॉलनी येता कामा नये. लाल रांगेत किती हिरव्या आल्या, तो तुमच्या गळतीचा खरा आकडा. अहवालात तो सगळ्यात वर लिहा. रविवार चुकवायचा नाही, त्यामुळे वॉचमनला आधीच सांगून ठेवा आणि सहाध्यायी वाटून घ्या.

दहाव्या दिवशी दोन्ही कल्चरमधून थोडं थोडं घेऊन ९५ अंशांवर दहा मिनिटं उकळा. त्यातला एक थेंब प्लेटवर टाका, एक मायक्रोलिटर तीन प्राइमरांच्या पीसीआरमध्ये. प्लेटवर दुसऱ्या दिवशी काही उगवणार नाही, पेशी मेलेल्या आहेत. जेलवर मात्र एका खान्यात ३०० चा बँड असेल आणि शेजारच्या खान्यात ५०० चा.